किशोरवयातील आक्रमकता आणि सोबत्यांकडून होणारा छळ

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ सतरा वर्षांचा होता (अध्याय ३७). बापाने पायघोळ झगा त्या एकट्याला दिला आणि भावांना त्याच्याशी सलोख्याने बोलवेना. पुढे त्यांनी तो झगा काढून घेतला, त्याला कोरड्या विहिरीत टाकले व ते जेवावयास बसले. किशोरांमधील छळाचा विषय निघाला की आम्हांला हा प्रसंग प्रथम आठवतो.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्यूस (१९३१-२०२०) यांनी घातला. १९८२च्या अखेरीस नॉर्वेतील तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागील संभाव्य कारण मानले गेले. १९८३ साली तेथे देशव्यापी मोहीम सुरू झाली. बर्गन येथील ४२ शाळांतील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांमध्ये छळाचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आल्याचे ओल्व्यूस यांनी नोंदविले. त्यांच्या व्याख्येनुसार छळ हेतुपुरस्सर असतो, पुनःपुन्हा होतो आणि त्यात दोन्ही बाजूंचे बळ समान नसते. बरोबरीच्या मुलांचे एखादे भांडण त्यात मोडत नाही.

छळ केवळ मारहाणीचा नसतो. गटातून वगळणे, अबोला धरणे, अफवा उठविणे, यांतून नातीच तोडली जातात. निकी क्रिक यांनी १९९५ साली या प्रकाराकडे लक्ष वेधले. आता मोबाइलमुळे तो घरापर्यंत पाठलाग करतो. असे मूल उदास व भयभीत होते, शाळेच्या वेळी पोट दुखल्याची तक्रार करते.

काही मुले मात्र छळ सोसतातही आणि आक्रमकही होतात. त्यांचे भावनिक समायोजन बहुधा सर्वांत बिकट असते. आमच्या मते शाळेत, तसेच धर्मशिक्षणाच्या वर्गातही, सर्वाधिक अन्याय यांच्यावरच होतो: त्यांनी मारलेला फटका सर्वांना दिसतो, त्याआधीचे कित्येक महिने कोणी पाहिलेले नसतात.

बघ्यांचे काय? क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी १९९६ साली दाखविले की, वर्गातील बहुतेक मुलांची छळात काही ना काही भूमिका असते: कोणी साथ देतो, कोणी हसतो, कोणी दूर राहतो, कोणी बचावास येतो. फिनलंडमधील ‘कीवा’ हा शालेय उपक्रम याच विचारावर उभा आहे. रऊबेनाने योसेफाचा जीव वाचविला खरा, पण विहिरीत टाकण्याची सूचनाही त्याचीच. मागाहून गुपचूप सोडविण्याचा त्याचा बेत होता. तो परतला तेव्हा विहीर रिकामी होती.

दोघांना समोरासमोर उभे करून तत्काळ ‘क्षमा कर, हात मिळव’ असे सांगण्याचा मोह आपल्या संस्थांमध्ये फार दिसतो. बळ असमान असताना त्याने छळ थांबत नाही, तो लपतो. योसेफानेही क्षमा केली ती विहिरीत असताना नव्हे, तर पुष्कळ वर्षांनी, भावांची पारख करून. प्रथम छळ थांबवावा, मुलाचे म्हणणे एकट्याने ऐकावे, वर्गाशी स्वतंत्रपणे बोलावे. मूल स्वतःला इजा करण्याची भाषा करीत असेल, तर विलंब न लावता समुपदेशक वा डॉक्टर गाठावा. बालकांसाठी १०९८ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.