लाल विंचू, दोन इतिहास : विषाने दाखवलेली पोटॅशियमची वाट

१/ कोकणातील लाल विंचवाच्या विषाला दोन इतिहास आहेत. एक महाडच्या परिसरात रुग्णांच्या खाटेशेजारी घडला, दुसरा अमेरिकेतील प्रयोगशाळांत. काळ जवळजवळ एकच. तरीही ते क्वचितच एकत्र सांगितले जातात. या धाग्यात ते शेजारी ठेवून पाहू.

२/ आधी पार्श्वभूमी. मज्जापेशीतून संदेश जातो तेव्हा सोडियमचे आयन आत शिरतात. मग पोटॅशियमचे आयन बाहेर पडून पेशी पूर्वस्थितीला येते. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या, म्हणजे माकुळाच्या, जाड मज्जातंतूवरील प्रयोगांतून हे गणितासह मांडले. पण आयन ज्या वाटेने जातात ती वाट कोणी पाहिली नव्हती.

३/ पेशीपटलातील या वाटांना आयन-वाहिन्या म्हणतात. त्या शोधायच्या तर त्यांनाच घट्ट चिकटणारे काहीतरी हवे. सोडियमसाठी पफर माशाचे विष १९६० च्या दशकातच हाती आले होते. पोटॅशियमसाठी तितके नेमके साधन नव्हते.

४/ ते विंचवाने दिले. १९८२ मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. मेक्सिकोतील विंचवाच्या विषातून वेगळे केलेले ‘नॉक्सियसटॉक्सिन’ माकुळाच्या मज्जातंतूतील पोटॅशियमचा प्रवाह अडवते, असे लूरिव्हाल पोसानी आणि सहकाऱ्यांनी त्यात दाखवले.

५/ १९८५ मध्ये ख्रिस्तोफर मिलर यांच्या गटाने पश्चिम आशियातील वाळवंटी विंचवाच्या विषात आणखी एक प्रथिन शोधले. जहाजे गिळणाऱ्या कॅरिब्डिस या ग्रीक पुराणातील राक्षसीवरून त्याचे नाव ठेवले ‘कॅरिब्डोटॉक्सिन’.

६/ अवघ्या ३७ अमिनो आम्लांचे हे प्रथिन बाटलीच्या तोंडाला बूच बसावे तसे वाहिनीच्या बाहेरच्या तोंडाशी बसते. मिलर आणि रॉडरिक मॅकिनन यांना १९८८ मध्ये दिसले, की आतल्या बाजूचे पोटॅशियम वाढवले की बूच लवकर सुटते. आतले आयन त्याला बाहेर ढकलतात; अर्थात बूच ऐन वाटेवरच बसलेले असते.

७/ मॅकिनन मूळचे डॉक्टर. रुग्णसेवा सोडून, तिशीच्या सुमारास, ते आपल्या जुन्या शिक्षकाच्या म्हणजे मिलरच्या प्रयोगशाळेत परतले होते. १९८७ मध्ये फळमाशीच्या ‘शेकर’ जनुकातून पोटॅशियम वाहिनीची रचना वाचता येऊ लागली. मॅकिननने तिच्यात एकेक बदल केला आणि कोणत्या बदलाने विषाची पकड सैल होते ते पाहिले.

८/ अंधाऱ्या खोलीत चाचपडत दाराची चौकट शोधावी तसे हे काम. त्यातून वाहिनीचे बाहेरचे तोंड कोठे आहे ते कळले. १९९१ मध्ये ती चार सारख्या घटकांची बनते हेही विषाच्याच साहाय्याने सिद्ध झाले. १९९८ मध्ये एका जिवाणूच्या वाहिनीची प्रत्यक्ष रचना क्ष-किरणांनी दिसली. २००३ मध्ये मॅकिननना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

९/ आता पुन्हा १९८२. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये लाल विंचवाच्या दंशावरचा एक लेख आला. लेखक डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी कामाला सुरुवात केली होती. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही पुढे येणाऱ्या हृदयसंकटाची चाहूल असते, हे त्यांनी रात्र-रात्र रुग्णापाशी बसून टिपले होते.

१०/ या दंशात मारक ठरतात ती प्रामुख्याने सोडियम वाहिन्यांवरची विषद्रव्ये. ती वाहिन्या नीट मिटू देत नाहीत. मज्जातंतू अनावर होतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी भरते. बावस्करांनी यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वापरले. आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते.

११/ त्यांच्याच नोंदींनुसार, गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण आधी ३० टक्क्यांच्या घरात होते. ते १ टक्क्याच्या आसपास आले. या कामात डॉ. प्रमोदिनी बावस्कर त्यांच्या सहकारी होत्या. हाताशी होती रक्तदाब मोजण्याची पट्टी, घड्याळ आणि नोंदवही.

१२/ आणि १९९० मध्ये याच लाल विंचवाच्या विषातून अमेरिकेत ‘आयबेरिओटॉक्सिन’ वेगळे केले गेले. तेही ३७ अमिनो आम्लांचे, कॅरिब्डोटॉक्सिनचे जवळचे नातलग. पण जास्त काटेकोर. कॅरिब्डोटॉक्सिन अनेक प्रकारच्या वाहिन्या अडवते. हे मात्र कॅल्शियमने चालू होणाऱ्या एकाच मोठ्या पोटॅशियम वाहिनीवर बसते. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल ठेवण्यात या वाहिनीचा वाटा किती, हे तपासण्याचे साधन त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांना मिळाले.

१३/ येथे एक मोह टाळायला हवा. महाडच्या उपचारातून प्रयोगशाळेतील शोध निघाला नाही, आणि प्रयोगशाळेतील शोधातून उपचारही नाही. नांगीतल्या एकाच थेंबात अनेक विषद्रव्ये असतात. दोन ठिकाणच्या माणसांनी त्याच थेंबाला वेगवेगळे प्रश्न विचारले. एकाने विचारले, ‘हे चिकटते कोठे?’ दुसऱ्याने विचारले, ‘हे मूल सकाळपर्यंत जगेल कसे?’

१४/ विज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा पहिल्या प्रश्नाला ‘संशोधन’ आणि दुसऱ्याला ‘सेवा’ म्हणतो. बिरवाडीच्या नोंदी ही विभागणी खोटी ठरवतात. निरीक्षण, अनुमान, पडताळणी, प्रकाशन हे सारे तेथेही होते. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांतील जुन्या नोंदवह्या इतिहासाची साधने आहेत. त्या रद्दीत जाण्यापूर्वी कोणीतरी वाचायला हव्यात.

(धागा समाप्त)