सल्फा चालतं का?

जुहू गल्लीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढे केली की काउंटरमागचे काका लगेच औषध काढत नाहीत. गेल्या पावसाळ्यात आत्याला लघवीची जळजळ होती, तपासणीत जंतू सापडले आणि डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्सॅझोल लिहून दिलं. काकांनी चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "सल्फा चालतं का त्यांना?" मला ठाऊक नव्हतं. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "गंधकच ना? नायट्याला लावलं होतं की मी, काही झालं नाही."

काकांनी फोन माझ्याकडून घेतला. "मावशी, गंधक वेगळं आणि सल्फा वेगळं. कुठल्या गोळीने कधी अंगावर पुरळ उठलंय? तोंड आलंय? बीपीला काय घेता?" आत्याने टेल्मिसार्टन सांगितल्यावर ते मला म्हणाले, "डॉक्टरांना हे माहीत आहे ना, एवढं विचारून घ्या." डॉक्टरांना माहीत होतं. तीनच दिवसांचा कोर्स आहे, पण चौथ्या दिवशी पोटॅशियम तपासून घ्या, असं त्यांनी सांगितलं. मग कुठे काकांनी लाल रेघेची पट्टी काढली, पाकिटावर पेनने 1-0-1 लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘जेवणानंतर, भरपूर पाणी’.

त्या पाकिटावरच्या दोन ओळी आणि काकांचे ते प्रश्न कुठून आले, हे शोधताना मी थेट परळला जाऊन पोहोचले.

सल्फाच्या आधी जुहू हे स्वतःच एक औषध होतं. जानेवारी 1924 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि मार्चमध्ये ते हवापालटासाठी जुहूला आले. जखमेतले जंतू मारणारी गोळी तेव्हा कुणाच्याच हातात नव्हती. जखम भरायची ती विश्रांतीने, हवेने आणि नशिबाने.

पुढे 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचं विमान घेऊन याच जुहूच्या धावपट्टीवर उतरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीत बायर कंपनीने एका लाल रंगाचं पेटंट मागितलं. हा रंग म्हणजे प्रोन्टोसिल. गेरहार्ड डोमाक यांनी तो जंतूंची बाधा झालेल्या उंदरांना दिला आणि उंदीर वाचले. नंतर त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या हातात सुई घुसून हात चिघळला, तेव्हा तिलाही हेच औषध दिलं आणि तिचा हात वाचला. 1935 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कळलं की लाल रंगाचं इथे काही काम नाही. शरीरात तो रंग फुटतो आणि त्यातून सुटलेला सल्फानिलामाइड हा रंगहीन तुकडा जंतूंना अडवतो. ‘सल्फा’ हे नाव इथलं. त्या रेणूत गंधकाचा एक अणू आहे खरा, पण म्हणून आत्याचं मलम आणि ही गोळी एका घरातली होत नाहीत.

हा तुकडा जंतूंना अडवतो कसा, हे पाच वर्षं कुणाला उमगलं नाही. त्याचं उत्तर यीस्टमध्ये होतं. आणि यीस्टची अर्धी गोष्ट परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आधीच घडून गेली होती. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रिय भाग हाच.

1928 मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर रक्तक्षय होत होता. तांबड्या पेशी फुगून मोठ्या व्हायच्या आणि बाई पांढरीफटक पडायची. विल्स यांनी आधी जंतुसंसर्गाचा संशय धरला. मग त्यांचं लक्ष या बायकांच्या ताटाकडे गेलं. उंदरांना आणि माकडांना तसंच निकस अन्न देऊन पाहिलं, तर तोच रक्तक्षय उभा राहिला. यीस्टचा अर्क दिल्यावर तो हटला. पावाला लावून खायचं मार्माइट नावाचं स्वस्त काळं चाटण त्यांनी बायकांना दिलं आणि बायका उठून बसल्या. 1931 मध्ये त्यांनी हे छापलं. यीस्टमधल्या त्या अनामिक गोष्टीला पुष्कळ दिवस ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते, ती हीच.

1940 मध्ये डोनाल्ड वुड्स या इंग्लिश शास्त्रज्ञाला आढळलं की जंतूंना यीस्टचा अर्क मिळाला की सल्फा निष्प्रभ होतं. अर्कात पॅराअमिनोबेन्झोइक अ‍ॅसिड होतं आणि त्याची ठेवण सल्फासारखीच होती. पुढे फॉलिक अ‍ॅसिडची रचना उलगडली, तेव्हा हेच द्रव्य त्याच्या पोटात बसलेलं सापडलं. आपण फॉलिक अ‍ॅसिड पालेभाजीतून, डाळीतून आयतं घेतो. जंतूला ते स्वतः रांधावं लागतं. त्याच्या हातात खऱ्या जिनसाऐवजी तसाच दिसणारा सल्फा पडतो आणि त्याची चूल पेटत नाही. परळच्या बायकांना जे मिळत नव्हतं, तेच जंतूला मिळू द्यायचं नाही, हे सल्फाचं सगळं काम.

जंतूही शिकतात. सल्फाचा पहारा चुकवणारे जंतू आले. अमेरिकेत जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेत फॉलिक अ‍ॅसिडच्या त्याच साखळीची पुढची कडी तोडणारं ट्रायमेथोप्रिम तयार झालं आणि 1968 मध्ये ब्रिटनमध्ये सल्फा आणि ट्रायमेथोप्रिमची जोडगोळी, म्हणजेच को-ट्रायमॉक्सॅझोल, बाजारात आली. आपल्याकडे सेप्ट्रान आणि बॅक्ट्रिम ही तिची घरोघरची नावं. साध्या गोळीत 80 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम आणि 400 मिलिग्रॅम सल्फामेथॉक्सॅझोल असतं, ‘डीएस’मध्ये दोन्ही दुप्पट. एकास पाच हे माप अशासाठी की रक्तात पोचेपर्यंत ते साधारण एकास वीस होतं आणि तिथे दोघांचं काम सर्वांत चांगलं जमतं. दोघंही शरीरात जवळपास सारखाच वेळ टिकतात, म्हणून दर बारा तासांनी एक, म्हणजेच पाकिटावरचं 1-0-1. सकाळची विसरली म्हणून रात्री दोन एकदम घेऊ नयेत, ते यामुळेच.

पाण्याचा आग्रह तर आणखी जुना. सुरुवातीचे सल्फा पाण्यात नीट विरघळत नसत. मूत्रपिंडात त्यांचे स्फटिक साचत, लघवी तुंबे, रक्त पडे. डॉक्टर सोबत खायचा सोडा देत. आजचं सल्फामेथॉक्सॅझोल पुष्कळ बरं विरघळतं, पण मुंबईच्या घामात दिवसभर पाणी न पिणाऱ्याला तो जुना धोका उरतोच.

पुरळाचा प्रश्न सर्वांत गंभीर. क्वचित, पण सल्फाने अंगाची कातडी सोलून निघते, तोंडात आणि डोळ्यांत फोड येतात, जीव जातो. पुरळ, ताप, तोंडात व्रण, डोळे पिवळे होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही, तडक डॉक्टर गाठायचा. एकदा असं झालेल्याने हे औषध पुन्हा कधी तोंडात घालू नये आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला ते सांगावं. औषध चालू असताना ऊनही कातडीला लवकर भाजतं, तेव्हा चौपाटीवरची दुपार तेवढे दिवस टाळावी.

आणखी काही माणसांनी आधी सांगायला हवं. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता 1963 मध्येच नोंदली गेली. गरोदर बाईने सांगावं, कारण फॉलिक अ‍ॅसिडच्या वाटेवरच हे औषध उभं असतं. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन किंवा सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी सांगावं. मूत्रपिंड अधू असलेल्यांनी सांगावं. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांबरोबर ट्रायमेथोप्रिम रक्तातलं पोटॅशियम चढवू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसात ते हृदयाला झेपत नाही. काकांनी बीपीचं विचारलं ते याकरता.

इतकं जपायचं, मग औषध कशाला, असं आत्याने त्या रात्री विचारलं. मी तिला गडचिरोलीचं सांगितलं. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 58 गावांत गावचे आरोग्यसेवक, सुईणी यांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं आणि लहान मुलांसाठी हेच को-ट्रायमॉक्सॅझोल त्यांच्या हाती दिलं. शेजारच्या 44 गावांत नेहमीसारखं चाललं. तिथे पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे 17.5 मुलं न्यूमोनियाने गेली, या 58 गावांत 8.1. हे 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आकडे न येणाऱ्या सुईणीसाठी बंगांनी पुढे एक साधन बनवलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर श्वास फार जलद, म्हणजे न्यूमोनिया, आणि औषध द्यायचं.

आत्या ऐकत होती. मग तिने उशाशी ठेवलेला तांब्या उचलला, गोळी घेतली आणि भांडंभर पाणी प्यायली. चौथ्या दिवशी तिचं रक्त तपासलं. पोटॅशियम 4.6, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत होतं आणि जळजळ थांबली होती.