निर्जीव निसर्गापुरते

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे उभी राहते ती दक्षिण अमेरिका: ओरिनोको नदी, चिंबोराझो पर्वत आणि १७९९ ते १८०४ या काळातील तो दीर्घ प्रवास. त्याच हम्बोल्टने वयाच्या साठाव्या वर्षी रशियाचा प्रवास केला होता, ही गोष्ट सहसा चरित्राच्या शेवटच्या प्रकरणात दोनचार पानांत उरकली जाते. आमच्या मते रशियन भूशास्त्राच्या इतिहासात त्या प्रवासाचे स्थान मोठे आहे. आणि शास्त्रज्ञाने सत्तेशी केलेल्या तडजोडीचा अभ्यास करणाऱ्यालाही त्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

या प्रवासाची सुरुवात झाली ती पैशाच्या व्यवहारातून. उरालमध्ये १८१९ पासून प्लॅटिनम सापडू लागले होते आणि या नव्या धातूचे करावे काय, हा प्रश्न रशियाचे अर्थमंत्री येगोर कान्क्रिन यांच्यापुढे होता. कान्क्रिन जन्माने जर्मन, त्यांचे वडील खाणशास्त्रातले जाणकार. प्लॅटिनमची नाणी पाडावीत का, असे त्यांनी १८२७ मध्ये हम्बोल्टला पत्राने विचारले. हम्बोल्टचे मत प्रतिकूल पडले. सरकारने ते मानले नाही, १८२८ मध्ये नाणी काढली आणि १८४५ मध्ये ती बंद करावी लागली. सल्ला नाकारला गेला तरी पत्रव्यवहारातून निमंत्रण मात्र आले: सरकारी खर्चाने या आणि आमच्या खाणी पाहा.

हम्बोल्ट पोहोचला तेव्हा रशियन भूशास्त्राची पाटी कोरी होती, असे समजणे चुकीचे ठरेल. लोमोनोसोव्हने १७६३ मध्येच पृथ्वीच्या थरांवर लिहिले होते. पीटर्सबर्गची खाणशाळा १७७३ पासून चालू होती. बर्लिनहून आलेल्या पीटर सायमन पल्लासने १७६८ ते १७७४ या सहा वर्षांत उराल, अल्ताई आणि बैकलपर्यंतचा मुलूख पायाखाली घातला होता. निरीक्षणे पुष्कळ जमली होती. ती परस्परांशी आणि इतर खंडांतील निरीक्षणांशी ताडून पाहणारी दृष्टी हवी होती. हम्बोल्टने आणली ती ही तुलनेची दृष्टी.

१२ एप्रिल १८२९ रोजी त्याने बर्लिन सोडले. सोबत खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव रोझे आणि जीवशास्त्रज्ञ एरेनबर्ग होते. उराल, अल्ताई, चीनची सरहद्द, परतताना कास्पियन समुद्र असा पंधरा हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून डिसेंबरच्या अखेरीस तो परतला. या दौडीचे फळ कसे मिळाले, ते हिऱ्याच्या कथेत नेमके दिसते. ब्राझीलमध्ये सोने, प्लॅटिनम आणि हिरे एकाच प्रकारच्या नदीगाळात सापडतात हे ठाऊक होते. उरालच्या गाळात पहिली दोन सापडत होती, तेव्हा तिसराही असला पाहिजे, असा हम्बोल्टचा तर्क होता. उरालमधील काही वाटचालीत काउंट पोलिये त्याच्याबरोबर होते. त्यांच्या मालकीच्या वाळूत जुलै १८२९ मध्ये खरोखरच हिरा सापडला. दूर खंडातल्या साम्यावरून इथल्या जमिनीत काय असेल ते सांगता येते, याचा तो रोकडा पुरावा होता.

पण याहून टिकाऊ परिणाम माणसांच्या आणि संस्थांच्या रूपाने झाला. दक्षिण उरालमध्ये ग्रिगोरी हेल्मर्सन आणि अर्न्स्ट होफमान हे दोन तरुण भूशास्त्रज्ञ हम्बोल्टबरोबर हिंडले. होफमानने पुढे उत्तर उरालची मोहीम चालवली. हेल्मर्सनने युरोपीय रशियाचा भूशास्त्रीय नकाशा केला, आणि १८८२ मध्ये रशियाची भूशास्त्रीय समिती स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला संचालक तोच होता. रोझेने या प्रवासाचा दोन खंडांचा वृत्तान्त लिहिला आणि उरालमधील एका खनिजाला १८३९ मध्ये पेरोव्हस्काइट हे नाव दिले. सौरघटांच्या संशोधनात आज ते नाव सतत ऐकू येते. पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे भाषण करताना हम्बोल्टने साम्राज्यभर चुंबकीय आणि हवामानविषयक निरीक्षणांची केंद्रे असावीत अशी मागणी केली. कुप्फर यांनी ती तडीस नेली आणि १८४९ मध्ये पीटर्सबर्गला मध्यवर्ती भौतिक वेधशाळा उभी राहिली.

त्याच्या चुकाही फलदायी ठरल्या. मध्य आशियाच्या पर्वतांत ज्वालामुखी आहेत, असे त्याने जुन्या चिनी वर्णनांच्या आधारे मानले होते. प्योत्र सेम्योनोव्ह या तरुणाला त्याने बर्लिनमध्ये प्रोत्साहन दिले आणि टिएन शानमधील खडकांचे नमुने आणण्यास सांगितले. सेम्योनोव्ह १८५६-५७ मध्ये तेथे पोहोचला. ज्वालामुखी त्याला आढळले नाहीत. गुरूच्या प्रश्नाने शिष्य घराबाहेर पडला आणि उत्तर घेऊन आला ते गुरूच्या विरुद्ध. प्रभाव म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळू. उरालच्या खाणींत राबणारे बहुसंख्य लोक स्वतःचे मालक नव्हते. तो पहिला हिरा वाळूतून वेचला तो पावेल पोपोव्ह नावाच्या एका भूदास मुलाने. हम्बोल्ट हे सारे पाहत होता आणि जे दिसत होते ते समजण्याइतका तो जाणकार होता. तारुण्यात प्रशियाच्या खाण खात्यात असताना त्याने खाणकामगारांसाठी शाळा काढली होती, त्यांच्या सुरक्षिततेसाठी दिवा तयार केला होता. क्युबातील गुलामगिरीवर त्याने १८२६ मध्ये कठोर शब्दांत लिहिले होते. तोच हम्बोल्ट जुलै १८२९ मध्ये उरालमधून कान्क्रिन यांना लिहितो की आपण निर्जीव निसर्गापुरतेच बोलू. माणसांच्या संस्थांविषयी आणि खालच्या वर्गांच्या स्थितीविषयी काहीही लिहिणार नाही. हा शब्द त्याने पाळला. १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य आशियावरील त्याच्या ग्रंथात पर्वत आहेत, हवामान आहे. खाणीतला माणूस नाही.

१८५६ मध्ये क्युबावरील त्याच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत निघाले. अनुवादकाने गुलामगिरीवरील प्रकरण गाळले होते. शहाऐंशी वर्षांच्या हम्बोल्टने जाहीर निषेध केला: त्या प्रकरणाला तो खगोलीय मोजमापांहून अधिक महत्त्व देत होता. हे वाचताना आम्हांला राहून राहून वाटते की रशियावरच्या पुस्तकातले तसेच प्रकरण त्याने स्वतःच गाळले होते, लिहिण्याच्याही आधी.

त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. पण त्याने ती अट मानली नसती तर तो प्रवास झाला नसता. हेल्मर्सनला तो सहवास लाभला नसता आणि वेधशाळांची ती साखळी कदाचित फार उशिरा उभी राहिली असती. खाजगीरीत्या त्याने शक्य ते केले: ओर्स्कला शिक्षा म्हणून शिपाईगिरी करीत असलेल्या यान वित्कीयेविच या पोलिश तरुणासाठी रदबदली केली. एकासाठी शब्द टाकता आला. लाखोंसाठी टाकता आला नाही.

रशियात भूदासत्व १८६१ मध्ये संपले. हम्बोल्ट त्याच्या दोन वर्षे आधी वारला होता. उरालच्या खडकांविषयी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी जे लिहिले त्यावर पुढच्या पिढ्यांनी शास्त्र उभारले. ते खडक फोडणाऱ्या हातांविषयी, युरोपभर ज्याचा शब्द मानला जात होता अशा साक्षीदाराची साक्ष मात्र इतिहासाला मिळाली नाही. शास्त्राच्या जमाखर्चात ही नोंदही राहिली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.