नऊवारीतला नट आणि आरशातली मुलगी

१/ महाराष्ट्रातील मुलींनी ज्या पहिल्या मोठ्या ‘स्टार’कडे पाहून साडी नेसण्याची, अंबाडा घालण्याची, गजरा माळण्याची रीत उचलली, तो स्टार पुरुष होता. त्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. आज गायिका, नट्या आणि रीलवरच्या तारका कोवळ्या मुलींना स्वतःच्या शरीराविषयी काय शिकवतात, यावर घरोघरी चर्चा होते आणि ही गोष्ट जणू कालपरवाच सुरू झाली असे आपण धरून चालतो. हा धागा तिच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासाचा आहे. पाहण्याची जागा आहे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे टोक, बारामती आणि इंदापूर.

२/ आधी थोडा भूगोल. नीरा आणि भीमा यांच्या मधला हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही नॅरोगेज रेल्वे सुरू झाली. १९३० नंतरच्या वर्षांत इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून पैसा आणि पैशामागून शहरातले कापड, साबण, कॅलेंडर व सिनेमा. पुण्या-मुंबईत घडलेली ‘सुंदर स्त्री’ची प्रतिमा इथवर पोहोचली, ती याच वाटेने.

३/ त्याआधी इथे सौंदर्याची मापे नव्हती असे मात्र समजू नये. ‘मुलगी उजळ आहे ना?’ हा प्रश्न छापखान्यापेक्षा फार जुना आहे. स्थळ पाहताना रंग, उंची, बांधा, केस यांची पाहणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली. फरक इतकाच, की तेव्हा तुलना होई ती भावकीतल्या, वाडीतल्या किंवा जत्रेत दिसलेल्या मुलीशी. ती हाडामासाची असे, उन्हात रापलेली असे, आणि तिचे रूप दुकानात विकत मिळत नसे.

४/ या मुलुखात एक विसंगती दरवर्षी पायी चालत येते. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत सराटीला पोहोचते, तिथे नीरेत पादुकांना स्नान होते आणि ती पुढे अकलूजला जाते. वाट पंढरीची आहे आणि पंढरीचा देव सावळा आहे. ज्या घरांनी त्या सावळ्या रूपासाठी वारकऱ्यांना पंगती वाढल्या, त्याच घरांत सावळी लेक उजवताना बापाचा आवाज खाली येतो. देवाच्या रंगाची थोरवी लग्नाच्या बैठकीत कामाला आली नाही.

५/ एकच चेहरा हजारो घरांत पोहोचवण्याची किमया प्रथम साधली ती राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांनी. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला, म्हणजे पुणे जिल्ह्यातच, हलला. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला या चित्रांतल्या स्त्रिया गौर, भरल्या अंगाच्या आणि पाणीदार डोळ्यांच्या. अनेकींची साडी नऊवारी धाटणीची. देव्हाऱ्यात लागलेले चित्र हे भक्तीचे साधन होतेच. त्याच भिंतीवर मुलीसाठी एक मापही टांगले गेले.

६/ त्या चित्राला चालते-बोलते केले ते संगीत रंगभूमीने. २६ जून १८८८ रोजी जन्मलेले राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९११ च्या ‘मानापमान’मधील भामिनीने ते महाराष्ट्राच्या गळ्यातला ताईत झाले. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१६ च्या ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि १९१९ च्या ‘एकच प्याला’मधील सिंधू यांनी ही लोकप्रियता शिगेला नेली.

७/ पुरुषाने स्त्री का व्हावे? कारण घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातील बाईने रंगमंचावर उभे राहणे समाजाला अमान्य होते. म्हणून कुलीन स्त्रीचे रूप पुरुषाने उभे करायचे आणि ते खऱ्या कुलीन स्त्रियांनी प्रेक्षागृहातल्या राखीव जागांवर बसून पाहायचे. पदर कसा घ्यावा, पैठणीच्या निऱ्या कशा पडाव्यात, नथ कशी शोभावी, मान किती वळवावी, हे त्या घरी जाऊन आरशासमोर करून पाहू लागल्या. समकालीनांच्या आठवणींत या अनुकरणाचे उल्लेख वारंवार येतात.

८/ याकडे केवळ हसून पाहिले तर इतिहासावर अन्याय होईल. तोवर नटणे-मुरडणे हे कलावंतिणीचे लक्षण मानले जाई. बालगंधर्वांच्या रुक्मिणीने आणि भामिनीने घरंदाज स्त्रीला शृंगाराची एक सभ्य परवानगी मिळवून दिली. नाटकाला जाणे, चारचौघींत नीटनेटके दिसणे, स्वतःच्या रूपाचा आनंद घेणे, हे त्या काळी लहानसहान स्वातंत्र्य नव्हते. स्टार मुलींवर लादलाच जातो असे नाही. पुष्कळदा मुली त्याच्यात आपल्याला हवे ते शोधून घेतात.

९/ पण त्या परवानगीची किंमत नीट पाहावी लागते. ते रूप रंगभूषा, दिव्यांचा उजेड, उंची वस्त्रे आणि एका असामान्य नटाची साधना यांतून सिद्ध झालेले होते. त्या देहाला पाळी नव्हती, बाळंतपण नव्हते, चुलीचा धूर नव्हता. तो खर्च पेलताना खुद्द गंधर्व मंडळीही कर्जात बुडाली. वय वाढले, अंग सुटले, तशी तरुण नायिकेच्या वेशातील ती जादू स्वतः बालगंधर्वांनाही टिकवता आली नाही. ज्याने माप तयार केले, त्यालाही ते अखेर बसेनासे झाले.

१०/ याच काळात खऱ्या स्त्रिया नाचत-गात नव्हत्या काय? होत्या. तमाशाच्या फडांत आणि संगीतबारीत बहुजन व दलित जातींतील कलावतींनी आपल्या कलेवर घरे चालवली. बारामतीहून पुण्याकडे जाताना दौंड तालुक्यातले केडगाव-चौफुला तिथल्या कला केंद्रांसाठी आजही प्रसिद्ध आहे. पण समाजाने एक वाटणी करून ठेवली. लावणी करणाऱ्या बाईचा देह पाहण्यासाठी, नऊवारीतल्या नटाचा देह अनुकरणासाठी. पहिलीसारखे दिसणे ही घरातल्या मुलीला शिवी, दुसऱ्यासारखे दिसणे ही शाबासकी. शरीराविषयीचे संदेश जातीच्या गाळणीतून गाळून येतात, याचा एवढा ढळढळीत दाखला क्वचितच मिळेल.

११/ पुढे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या. हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर आल्या. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे दिसल्या. गंमत अशी, की रंगमंचावर खरी स्त्री उभी राहिली तेव्हा पुरुषाने घडवलेली स्त्री हाच प्रेक्षकांच्या मनातला नमुना होऊन बसला होता. स्त्रीलाच स्त्री म्हणून सिद्ध व्हावे लागले.

१२/ मग आला बोलपट. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे राणी तारामती झाल्या आणि प्रतिष्ठित घरच्या मुलींसाठी पडद्याची वाट थोडी रुंदावली. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’मध्ये मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या, तेव्हा मोठा गदारोळ झाला. तंबूतले सिनेमे जत्रेजत्रेला फिरू लागले. नाटक पाहायला शहर गाठावे लागे, सिनेमा मात्र गावाच्या वेशीशी येऊन उभा राहिला.

१३/ आणि सिनेमाच्या हातात हात घालून आला साबण. लक्सच्या जाहिरातींत आधी हॉलिवूडच्या तारका असत. १९४१ मध्ये त्यात लीला चिटणीस झळकल्या. त्या पदवीधर, मराठी, बोलपटांच्या आघाडीच्या नायिका. या जाहिरातीने सौंदर्याच्या इतिहासात एक नवे वाक्य लिहिले: हे रूप वडीच्या भावात मिळते. रविवर्म्यांच्या लक्ष्मीसारखे होता येत नव्हते, गंधर्वांची पैठणी परवडत नव्हती, पण साबण परवडत होता. मग तरीही तसे दिसता आले नाही, तर दोष कोणाचा? मुलीचाच.

१४/ या यंत्राच्या आतून एक वेगळा आवाज त्याच काळात उठला, आणि तो विसरला जाऊ नये. ‘कुंकू’च्या नायिका शांता आपटे यांनी १९३९ मध्ये करारावरून पुण्यात प्रभात कंपनीच्या दारात उपोषण केले. १९४० मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून सिनेमात येऊ पाहणाऱ्यांना त्या धंद्याची आतली बाजू सांगितली. आज ‘स्लिम’ दिसण्यासाठी उपाशी राहणे मुलींना शिकवले जाते. आपल्या हक्कासाठी उपाशी राहणारी एक मराठी तारका आपल्याकडे होऊन गेली, हे त्यांना कोणी सांगत नाही.

१५/ स्वातंत्र्यानंतर हे यंत्र अधिक सफाईने चालू लागले. मुंबईत १९१९ पासून ‘अफगाण स्नो’ होतेच. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आली. तिच्या जाहिरातींची कथा ठरलेली: सावळी मुलगी, नाकारलेले स्थळ किंवा हुकलेली नोकरी, मलम, उजळलेला चेहरा, यश. ४५ वर्षांनी, २०२० मध्ये, कंपनीने नावातला ‘फेअर’ काढला. म्हणजे एका नावाला एका पिढीची आजी, आई आणि नात असा तिघींचा प्रवास पुरला.

१६/ इथे मुलींना भोळ्या ठरवण्याची घाई करू नये. बारामतीच्या बाजारातून मलमाची नळी घेणारी मुलगी फसलेलीच असते असे नाही, तिने हिशेब केलेला असतो. सावळ्या मुलीचे लग्न लांबते, तिच्या बापाला हुंडा अधिक पडतो, हे तिने आजूबाजूला पाहिलेले असते. स्टार हे माप जन्माला घालत नाही. लग्नाच्या बाजारात आधीच असलेल्या मापाला तो चेहरा देतो आणि व्यापार त्याची पुडी बांधतो. म्हणून केवळ स्टारला दूषणे दिल्याने काहीही सुटत नाही.

१७/ प्रतिमा खरोखर शरीरापर्यंत पोहोचतात का? याचा एक दाखला दूरच्या फिजी बेटांवरचा आहे. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. अॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी तेव्हा केली आणि पुन्हा १९९८ मध्ये केली. खाण्याविषयीच्या विकृतीचा धोका सुचवणारे गुण मिळवणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर गेले होते. वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी आधी एकही नव्हती, नंतर त्यांचे प्रमाण ११.३ टक्के होते. भरल्या अंगाला मान देणाऱ्या समाजात हे तीन वर्षांत घडले.

१८/ आता पडदा तळहातावर आला आहे. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीची अंतर्गत टिपणे बाहेर आली. स्वतःच्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिक वाईट वाटते, असे सांगितल्याचे त्यांत होते. बालगंधर्वांची रंगभूषा नाटकानंतर उतरत असे आणि हे सोंग आहे, हे प्रेक्षक जाणून होते. फिल्टर उतरत नाही. शिवाय आज तो मैत्रिणीच्या चेहऱ्यावरही असतो, आणि आपल्या स्वतःच्याही.

१९/ आपल्याकडे याला एक कडू किनार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या राज्यात दर दोन बायकांपैकी एकीच्या अंगात पुरेसे रक्त नाही, तिथे वाढत्या वयाच्या मुलीला ‘कमी खा, बारीक हो’ असा संदेश दिवसभर मिळत राहतो. घरात शेवटी जेवणारी आई आणि रीलवर पाहून न जेवणारी लेक या एकाच ताटाच्या दोन बाजू आहेत.

२०/ आणि तरीही एक प्रसंग लक्षात ठेवावा. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. त्याची नायिका रिंकू राजगुरू ही अकलूजची, म्हणजे सराटीहून नीरा ओलांडली की लागणाऱ्या गावची. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी, इथल्याच बोलीत दमात घेणारी आर्ची पडद्यावर आली. रविवर्म्यांपासून आलेल्या त्या लांबलचक रांगेत बारामती-इंदापूरच्या मुलीला प्रथमच आपल्या शेजारच्या गावची, आपल्यासारखी दिसणारी नायिका भेटली. माप बदलू शकते, एवढे त्यातून नक्की कळते. ते एका चित्रपटाने बदलत नाही, हेही कळते.

२१/ या शतकभराच्या प्रवासात एक गोष्ट कायम राहिली. मुलीसमोर ठेवलेला देह प्रत्येक वेळी असा होता, जो कोणत्याही मुलीचा नव्हता: चित्रातला, पुरुषाचा, पडद्यावरचा, फिल्टरमधला. इतिहास शिकण्याचा उपयोग इथे होतो. माप कोणी, कधी आणि कशासाठी तयार केले हे कळले, की आरशात दिसणारी तफावत हा आपला दोष वाटेनासा होतो.

२२/ शेवटी एक विनंती. घरातल्या आजीला किंवा पणजीला विचारा: तरुणपणी कोणासारखी साडी नेसावीशी वाटायची? कोणता साबण, कोणते मलम घरात पहिल्यांदा आले? रंगावरून कोण काय बोलले होते? ही उत्तरे कोणत्याही दफ्तरात मिळणार नाहीत. तिच्या शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. खाली लिहिलीत तर या धाग्याचा पुढचा भाग तुमच्या घरांतून सुरू होईल.