बैलाच्या पोटातले छायाचित्रकार

नववी-दहावीच्या पुढची मुले हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : पक्षी-प्राण्यांची छायाचित्रे काढून पोट भरता येईल का? आपण शिक्षक बहुधा ‘छंद म्हणून कर, पण आधी नोकरीचे बघ’ असे सांगून मोकळे होतो. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. हा व्यवसाय मुळात उभा कसा राहिला हे पाहिले, तर जास्त चांगले उत्तर देता येते. त्यासाठी आपल्याला सव्वाशेहून अधिक वर्षे मागे, इंग्लंडमध्ये जावे लागेल.

यॉर्कशायरमधील स्वेलडेल खोऱ्यात थ्वेट नावाचे छोटे खेडे आहे. तिथे रिचर्ड केअर्टन (जन्म १८६२) आणि त्याचा धाकटा भाऊ चेरी (जन्म १८७१) वाढले. लहानपणी घरटी शोधताना रिचर्ड पडला आणि त्याचा पाय जन्माचा अधू झाला. तरी रानाची ओढ सुटली नाही. ग्राउस पक्ष्याची साद तो हुबेहूब काढत असे. शिकारीला आलेल्या एका लंडनच्या प्रकाशकाला या तरुणाचे कौतुक वाटले आणि १८८२च्या सुमारास रिचर्डला कॅसल या प्रकाशनसंस्थेत नोकरी मिळाली. पुढे चेरीही तिथेच कारकून म्हणून लागला.

१० एप्रिल १८९२ रोजी लंडनच्या उत्तरेला फिरत असताना चेरीने साँग थ्रश या पक्ष्याच्या घरट्याचे, आतल्या अंड्यांसह, छायाचित्र घेतले. (आपल्याकडचा कस्तुर याच कुळातला.) ते पाहून रिचर्डच्या मनात कल्पना आली : ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांचे एक पुस्तक करावे, आणि त्यात चित्रकाराने काढलेली चित्रे न घालता सगळी जागेवर जाऊन घेतलेली छायाचित्रे घालावीत. नोकरीतून उरलेल्या वेळात दोघे या कामाला लागले. १८९५ मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्‌स नेस्ट्‌स’ प्रसिद्ध झाले. निसर्गात प्रत्यक्ष घेतलेल्या छायाचित्रांनी संपूर्ण सजलेले हे पहिले पुस्तक मानले जाते.

हे याच काळात का शक्य झाले? केअर्टन बंधू जिद्दी होते हे खरे, पण तेवढ्याने भागले नसते. पूर्वीच्या ‘ओल्या’ पद्धतीत काचेवर रसायनाचा थर जागेवरच द्यावा लागे आणि तो वाळायच्या आत छायाचित्र घेऊन ते धुवावेही लागे. म्हणजे रानात जायचे तर अंधारा तंबू आणि बाटल्या बरोबर न्यायच्या! १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचांची पद्धत सुचवली. काही वर्षांतच अशा तयार काचा बाजारात मिळू लागल्या. त्या घरून न्यायच्या, रानात वापरायच्या आणि परत आल्यावर सवडीने धुवायच्या.

दुसरा बदल छापखान्यात झाला. छपाईचे यंत्र शाई लावते किंवा लावत नाही. करडा रंग त्याला ठाऊक नसतो. ‘हाफटोन’ पद्धतीत छायाचित्राचे लहान-मोठ्या ठिपक्यांत रूपांतर करतात. ठिपके मोठे असले की तो भाग गडद दिसतो, लहान असले की फिकट. जुन्या वर्तमानपत्रातले चित्र भिंगाखाली धरले की मुलांना हे लगेच दिसेल. ही पद्धत रुळल्यावरच छायाचित्रांचे पुस्तक सामान्य वाचकाला परवडेल अशा किमतीत निघू शकले. ग्राहक मिळाला, म्हणून व्यवसाय उभा राहिला.

कोरड्या काचाही आजच्या मानाने मंदच होत्या. झाडीतल्या अपुऱ्या उजेडात हलणारा पक्षी पुसट उमटे; घरटे आणि अंडी मात्र हलत नाहीत. पहिले पुस्तक घरट्यांचे निघाले यामागे हेही कारण असावे, असे आम्हांला वाटते.

पुढचे आव्हान जिवंत पक्षी जवळून टिपण्याचे होते. इथे केअर्टन बंधूंची कल्पकता दिसते. पक्षी माणसाच्या आकृतीला आणि हालचालीला बुजतात. कुरणातल्या गुराला बुजत नाहीत. तेव्हा त्यांनी लाकडी सांगाड्यावर बैलाचे कातडे चढवून पोकळ बैल बनवला आणि कॅमेरा घेऊन त्याच्या पोटात शिरले. एकदा हा बैल उलथून चारी पाय वर करून पडला. त्याचेही छायाचित्र उपलब्ध आहे. नकली मेंढी, नकली खडक, झाडाचा पोकळ बुंधा असे आणखीही प्रयोग त्यांनी केले. उंच घरट्यासाठी एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर उभे राहावे, कड्यावरच्या घरट्यासाठी दोर लावून उतरावे, हा त्यांचा नित्यक्रम होता. १८९६ मध्ये ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा या दूरच्या बेटावरही जाऊन आले.

या सगळ्या काळात नोकरी चालूच होती. १८९८ मध्ये, पुस्तके खपू लागल्यावर, रिचर्डने ती सोडली आणि लेखन व व्याख्याने हाच व्यवसाय केला. काचेवरची चित्रे दिव्याने पडद्यावर दाखवून तो गावोगाव बोलत असे. म्हणजे उत्पन्न एका चित्राच्या विक्रीतून येत नव्हते. चित्र, लेखन आणि व्याख्यान यांची सांगड घातल्यावर ते आले. रिचर्डला पक्ष्यांविषयी सांगण्यासारखे पुष्कळ होते, म्हणून लोक ऐकायला येत.

चेरी चलच्चित्रांकडे वळला. १९०९ मध्ये तो पूर्व आफ्रिकेत गेला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तेव्हा तिथे मोहिमेवर होते. त्यांचे चित्रण त्याने केले आणि तो चित्रपट १९१० मध्ये दाखवला गेला. पण त्याआधीच अमेरिकेतील सेलिग कंपनीने शिकागोच्या स्टुडिओत एक ‘आफ्रिका’ उभी केली होती. रूझवेल्टसारखा दिसणारा नट आणला, एक सिंह आणला आणि कॅमेऱ्यासमोर त्याला गोळी घातली. या बनावट चित्रपटाला उदंड गर्दी झाली. चेरीच्या खऱ्या चित्रणात असा थरार नव्हता, आणि त्याला तसा प्रतिसाद मिळाला नाही. तरीही चेरीने काम सोडले नाही. १९४० साली मृत्यू येईपर्यंत पुस्तके, चित्रपट आणि व्याख्याने यांतच तो रमला. रिचर्ड १९२८ मध्ये वारला होता.

ही कथा वर्गात सांगताना एक गोष्ट विसरू नये. त्या काळी अंडी गोळा करून पेट्यांत मांडण्याचा छंद जोरात होता. अंडे उचलण्याऐवजी त्याचे चित्र आणणे ही तेव्हा मोठी सुधारणा होती. पण घरट्याचे चित्र घेण्यासाठी आडव्या येणाऱ्या फांद्या दूर केल्या, तर घरटे उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत उघडे पडते. पिलांना भरवणारे पक्षी बुजून दूर राहिले, तर पिले उपाशी राहतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे ‘शिकार’ या व्याख्येतच येते. केअर्टन ज्या कामामुळे नावाजले, ते त्यांच्याच पद्धतीने आज करू नये.

मग घ्यायचे काय? आडोशाला बसून वाट पाहण्याचा त्यांचा धीर. त्यासाठी कातड्याच्या बैलाची गरज नाही. शाळेची खिडकी पुरते. खिडकीसमोर पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. मुलांनी आठवडाभर रोज ठरावीक वेळी पडद्याआड बसून कोण येते, किती वेळ थांबते, कोणाला पाहून उडते ते वहीत टिपावे. छायाचित्र शेवटच्या दिवशी घ्यावे, आणि त्याखाली तारीख, वेळ, जागा लिहावी. ज्याची वही आठव्या दिवशीही चालू राहील, त्या विद्यार्थ्याला सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारू द्यावा. तेव्हा आपल्यालाही उत्तर देणे सोपे जाईल.