रमाबाई नगर, ११ जुलै १९९७ : कागदावरचा टँकर आणि वस्तीची साक्ष

घाटकोपर पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्गालगत माता रमाबाई आंबेडकर नगर ही वस्ती आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी तेथील बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार घातलेला रहिवाशांना आढळला. लोक जमले, महामार्ग रोखला गेला. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. १० जण मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले.

इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो कारणाविषयी. पोलिसांचे म्हणणे असे की, जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटवण्याच्या बेतात होता. गोळीबार झाला नसता तर अनर्थ ओढवला असता. रहिवासी निराळेच सांगत होते. गोळ्या वस्तीच्या रोखाने आल्या आणि रस्ता अडवण्याशी ज्यांचा संबंधही नव्हता, अशांनाही त्या लागल्या.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे जरा रेंगाळावे. एक कथन टंकलिखित, सहीशिक्क्याचे; दुसरे तोंडी. पहिल्याला आपण सवयीने ‘दस्तऐवज’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘सांगोवांगी’. पण जबाब, फिर्याद, पंचनामा हेही कुणाच्या तरी तोंडचेच बोल असतात. फक्त ते सरकारी लेखणीने उतरवलेले असतात.

न्यायमूर्ती गुंडेवार आयोगापुढे दोन्ही कथने समोरासमोर आली. आयोगाने टँकरचा बचाव मान्य केला नाही. गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने तुकडीचे प्रमुख, उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. घटना ते निकाल, १२ वर्षे. या काळात तपशील जिवंत राहिला तो मुख्यतः वस्तीच्या बोलण्यात, आणि शाहिरीत.

शाहिरीचा उल्लेख ओघात केलेला नाही. गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडमधील आपल्या झोपडीत जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचे गाणे घेतले होते. या मृत्यूने हादरलेल्या पटवर्धनांनी चित्रीकरण सुरू केले आणि १४ वर्षांनी ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. त्यात मृतांचे नातलग बोलतात, शाहीर गातात, टँकरच्या दाव्याचीही तपासणी होते. माझ्या मते मुंबईतील मौखिक इतिहासाचे इतके चिवट उदाहरण दुसरे नाही.

ही वाट आपल्याकडे त्याआधीच पडली होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला. ज्यांची नावे बातम्यांत आणि इतिवृत्तांत क्वचितच आली, त्या बायका तेथे स्वतःच्या शब्दांत बोलल्या.

‘पण आठवण दगा देते’, हा आक्षेप खरा आहे. इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत १७ मार्च १९४९ रोजी लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना अनेकांनी मात्र सांगितले की, तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात पडला. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून बाजूला टाकली नाही. ती का झाली, हे विचारले. आपला माणूस एका किरकोळ प्रसंगात गेला, हे शहराला पटत नव्हते. त्याचा मृत्यू आपल्या सर्वांत मोठ्या लढ्याशी जोडावा, असे वाटत होते. तारखेसाठी सरकारी नोंद पाहावी. त्या मृत्यूने काय केले, हे माणसांनाच विचारावे लागते.

रमाबाई नगरच्या बाबतीत हे काम आता घाईचे आहे. वस्तीचा पुनर्विकास हाती घेण्यात आला आहे. झोपड्यांच्या जागी उंच इमारती येतील. ‘मी या कोपऱ्यावर उभी होते, गाडी तिथे थांबली’ ही साक्ष ज्या गल्लीवर टेकलेली आहे, ती गल्लीच राहणार नाही. म्हणून मुलाखत घेणाऱ्यांनी ध्वनिमुद्रण तर करावेच. पण बोलणाऱ्या मावशींच्या हाती कागद-पेन्सिल देऊन पुतळा, महामार्ग, नाका आणि स्वतःचे दार त्यांच्याकडूनच काढून घ्यावे, आणि त्या कागदावर त्या दिवसाची तारीख घालावी.