एकसष्टचा हिशेब

गेल्या रविवारी नांद्याला बहिणीकडे गेलो होतो. भाचा नववीत आहे. वर्गात कुणीतरी त्याला म्हणालं होतं, "गणित आमचं. तुमच्या लोकांचा त्याच्याशी काय संबंध?" पोरगं जेवताना गप्प होतं. मी त्याची वही मागितली आणि कोऱ्या पानावर एक आकडा लिहिला : १,७६,६३,१९,०४९.

कोडं सोपं दिसतं. एखाद्या संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ नं गुणा, १ मिळवा. उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवं. ६१ ऐवजी ६० घेतले तर ४ वर काम भागतं : ६० गुणिले १६ अधिक १ म्हणजे ९६१, ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतात. पण मधल्या ६१ ला सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे, आणि त्यातून येणारा वर्ग माझ्या त्या आकड्याचा! शेजारीशेजारी राहून स्वभाव किती वेगळे.

भास्कराचार्यांनी ११५० च्या 'बीजगणितात' हे उत्तर काढून दिलं. ६१ अधिक ३ म्हणजे ६४, आठाचा वर्ग. एवढ्यावरून सुरुवात करून चक्रवाल पद्धतीनं ते पुढे सरकतात. वाटेत २९७१८ आणि ३८०५ ही जोडी लागते. ३८०५ च्या वर्गाची ६१ पट ही २९७१८ च्या वर्गापेक्षा नेमकी १ नं जास्त भरते. या दोन संख्यांचा गुणाकार दुप्पट केला की ते बावीस कोटी हाती येतात. फ्रान्सच्या फर्मानं १६५७ मध्ये हाच ६१ इतरांपुढे टाकला, तेव्हा उत्तर लिहून पाचशे वर्षं झाली होती.

भास्कराचार्यांच्या घराण्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. तिथून औट्रम घाट चढून कन्नडमार्गे औरंगाबादला या. बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर वास्तुकार म्हणून अताउल्ला हे नाव कोरलंय, सोबत हंसपत राय या अभियंत्याचं. ताजमहालचे वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी हे अताउल्लांचे वालिद. आणि याच अताउल्ला रशीदींनी शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, भास्कराचार्यांचं 'बीजगणित' फारसीत आणलं. 'लीलावती' तर फैजीनं अकबरासाठी १५८७ मध्येच आणली होती. पुढे १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रॅचीनं 'बीजगणित' इंग्रजीत छापलं, तेही संस्कृतावरून नव्हे, या फारसी तर्जुम्यावरून.

मकबऱ्याला 'नकली ताज' म्हणून नाक मुरडणारे मी खूप पाहिलेत. दरवाजावरचं नाव वाचणारे कमी.

"मामू, खरंच जुळतं का हे?" भाच्यानं विचारलं. मोबाईल बाजूला ठेवायला लावला. २९७१८ चा वर्ग करताना पहिल्यांदा तो हातचा विसरला. दुसऱ्यांदा ८८,३१,५९,५२४ आले. मग ३८०५ कडे वळला. बहीण चहा ठेवून गेली, तो निवला. ८८,३१,५९,५२५. त्यानं शेवटच्या पाचाखाली दोनदा रेघ ओढली.